एंटरप्राइजची डावी बाजू

वाटसरू

परवा हार्ड डिस्क साफ करताना २०१७ चे वॉशिंग्टनचे फोटो सापडले आणि एक जुनी सल पुन्हा टोचायला लागली. म्हटलं, इथे विचारावं.

तिथल्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात 'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेतलं एंटरप्राइज हे अंतराळयान ठेवलं आहे. ही नंतर बनवलेली नक्कल नाही, चित्रीकरणात वापरलेलं तेच ते, अकरा फुटी मॉडेल. मी ही मालिका दूरदर्शनवर पाहिली तेव्हा आमच्याकडे कृष्णधवल टीव्ही होता. त्यामुळे यानाचा रंग नेमका कोणता, हे पुढे कित्येक वर्षं मला माहीत नव्हतं. (रंगावरून अजूनही भांडणं होतात म्हणे.) संग्रहालयात शिरलो आणि डोक्यावर लटकणाऱ्या लिंडबर्गच्या विमानाकडे मान वर करूनही न बघता थेट काचेच्या पेटीशी गेलो. उजवीकडून बघितलं. घसा दाटून आला, खोटं कशाला सांगू. बायको म्हणाली, "पाणी हवंय का?"

मग हौसेनं वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. तिथे काय, तर वायरी! रंगकाम अर्धवट, अक्षरांचा पत्ता नाही. नाटकातल्या राजवाड्याच्या मागे जावं आणि बांबू न् सुतळ्या दिसाव्यात, तसं झालं. तेव्हापासून कुठलाही भाग लावला की मला पडद्यावरच्या यानाच्या पलीकडच्या वायरीच दिसतात.

आता भाचा तिकडे निघालाय. त्याला काय सांगू? उजवीकडून बघ आणि तसाच मागे फिर? मुळात ज्या मालिकेवर जीव आहे तिचं सामान इतक्या जवळून पाहावं का?

टवाळ

फोटोत फक्त उजवी बाजू येऊ देणारे बरेच लोक माझ्या माहितीत आहेत. यानानं तसं केलं तर काय बिघडलं? हलके घ्या.

खारुताई

मी तर म्हणते अजिबात पाहू नये. लहानपणी एका जादूगाराच्या पेटीचा खालचा कप्पा मला दिसला होता. अजून माफ केलेलं नाही. (त्याला नाही, स्वतःला.)

रंगारी

वाटसरू, माझं मत नेमकं उलटं आहे. मी प्रतिकृती बनवतो, तेव्हा जरा पाल्हाळ लागेल.

डावी बाजू 'राहून गेली' हे खरं नाही. तिच्यामागे कारण आहे. यान डिसेंबर १९६४ मध्ये तयार होऊन आलं तेव्हा त्यात दिवेच नव्हते. वॉल्टर जेफ्रीजचा आराखडा, आणि बांधणीत पॉप्लरचं लाकूड, साच्यात ओढलेलं प्लास्टिक, पत्र्याच्या नळ्या. वजन नव्वद किलोच्या आसपास. पुढे दिवे घालायचं ठरलं. आता एवढ्या वायरी बाहेर कुठून काढायच्या? कॅमेरा उजवीकडून असतो, म्हणून त्या डावीकडून काढल्या. मग ती बाजू पडद्यावर येणारच नव्हती, तिच्यावर रंग आणि वेळ कोण घालवणार? यान उलट्या दिशेनं जाताना दाखवायचं असेल तर उजव्या बाजूलाच उलटी अक्षरं चिकटवायची आणि फिल्म पलटवायची. फिल्म पलटली की अक्षरं सुलटी! हा जुगाड ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला माझा दंडवत.

दोन्ही इंजिनांच्या टोकाला लाल-नारिंगी घुमट गरगरताना दिसतात ना, त्यांच्या आत काय होतं माहितीय? एक मोटर, फिरणारी पाती, आरशाचे तुकडे आणि नाताळच्या झाडावर लावतात ते दिवे. बास. त्यावर आपण ताऱ्यांच्या पलीकडे जाऊन आलो.

तुम्हाला ती बाजू फसवणुकीची वाटली. मला विचाराल तर त्या पेटीत खरोखर काही बघण्यासारखं असेल तर तीच. उजवी बाजू काय, टीव्हीवर दिसतेच की.

खारुताई

रंगारी, उलट्या अक्षरांचं माहीतच नव्हतं. कहर आहे!

खडूस_मामा

सगळे वायरींवर अडकलेत. माझा मुद्दा वेगळा आहे: हे खेळणं त्या दालनात आलंच कसं?

त्या दालनात काय काय आहे बघा. १९२७ मध्ये लिंडबर्ग एकटा ज्यातून अटलांटिक ओलांडून गेला, साडेतेहतीस तास न झोपता, ते विमान. ध्वनीचा वेग पहिल्यांदा ओलांडणारं एक्स-१. जॉन ग्लेन ज्यात बसून पृथ्वीभोवती फिरला ती कुपी. या सगळ्यांत माणूस बसला होता आणि मरायची शक्यता खरी होती. त्यांच्या पंगतीत लाकडाचं हे धूड, जे कधी टेबलावरून वीतभर उडालं नाही. उद्या उडता गालिचा मांडाल.

टवाळ

उडता गालिचा निदान दोन्ही बाजूंनी विणलेला असतो.

दुर्बीण

मामा, पूर्वी मलाही असंच वाटायचं. पण ते थेट त्या दालनात आलेलं नाही. स्टुडिओनं १९७४ मध्ये यान संग्रहालयाला दिलं. तेव्हा आजची इमारत उघडलीही नव्हती, ती १९७६ ची. त्यानंतर यानाला बऱ्याच जागा बदलाव्या लागल्या. २०१४ च्या आधीची कितीतरी वर्षं ते तळमजल्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात होतं, टोप्या आणि चुंबकांच्या शेजारी. मुख्य दालनात आलं ते जुलै २०१६ मध्ये, मालिकेच्या पन्नाशीला. म्हणजे बढती मिळायला बेचाळीस वर्षं लागली. सरकारी नोकरीत तरी याहून लवकर होते.

आता 'उडालं नाही' याबद्दल. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या शटलला कॉन्स्टिट्यूशन नाव द्यायचं घाटत होतं. चाहत्यांनी राष्ट्राध्यक्षांकडे पत्रांचा ढीग पाठवला आणि नाव एंटरप्राइज झालं. सप्टेंबरमध्ये ते कारखान्यातून बाहेर आणलं तेव्हा मालिकेतले बरेचसे कलाकार समोर उभे होते. एका लाकडी मॉडेलमुळे खऱ्या यानाचं बारसं बदललं. त्या दालनातल्या किती विमानांना हे जमलंय?

खडूस_मामा

आणि ते शटल अंतराळात किती वेळा गेलं, हेही सांगा की.

दुर्बीण

...एकदाही नाही. १९७७ मध्ये विमानाच्या पाठीवरून सोडून उतरवण्याच्या चाचण्या झाल्या, तेवढंच. आता न्यूयॉर्कला आहे, इंट्रेपिड या जुन्या विमानवाहू जहाजावरच्या संग्रहालयात.

खडूस_मामा

म्हणजे एक लाकडाचं आणि दुसरं न गेलेलं. माझं बोलणं संपलं.

टवाळ

मामा आज फॉर्मात आहेत.

निळावंती

मामा, यान उडालं नाही, माणसं उडाली. तो हिशोबही धराल की नाही?

उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडायला निघाल्या होत्या. त्यांना रंगभूमीवर जायचं होतं. त्याच सुमारास एका कार्यक्रमात मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि त्यांनी 'सोडू नका' असं समजावलं. कृष्णवर्णीय बाई टीव्हीवर यानाच्या सुकाणूकक्षात अधिकारी म्हणून बसलेली दिसते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. हा किस्सा त्या स्वतःच सांगत असत. पुढे १९७७ मध्ये नासानं त्यांच्यामार्फत स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करायचं आवाहन केलं. १९७८ ला जी तुकडी निवडली गेली तीत सॅली राइड होती, गाय ब्लुफर्ड होता, रोनाल्ड मॅकनेअर होता. सगळं श्रेय एकट्या निकल्सना द्यायला नको, पण त्या घरोघरच्या टीव्हीवर दिसणारा चेहरा होत्या. आणि मे जेमिसन, जी १९९२ मध्ये अंतराळात गेली, ती तर उहुराला बघतच मोठी झाली. नंतर मालिकेच्या पुढच्या अवतारात एका भागात कामही करून आली.

वाटसरू, भाच्याला एक सांगा. उहुराचा तो लाल गणवेश त्या इमारतीत नाही. जवळच आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीचं संग्रहालय आहे, तिथे तो मी पाहिला. यानापाशी मी फोटो काढत बसले, गणवेशापाशी कॅमेरा बाहेर काढायचं सुचलंच नाही. वाटला होता त्यापेक्षा लहान होता. आपल्यासारखीच माणसं असतात, हे कपडे बघितल्यावर कळतं.

खारुताई

+१११. छान लिहिलंत.

अर्धा_चहा

आणि मोबाइल विसरलात सगळे! मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा तो टक्कन उघडणारा कम्युनिकेटर बघूनच मोबाइलचा शोध लागला. आजचा प्रत्येक फोन ही स्टार ट्रेकचीच कृपा.

दुर्बीण

अर्धा_चहा, थोडं थांबा. हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला फोन मार्टिन कूपर यांनी १९७३ मध्ये केला. त्यांनी एका माहितीपटात स्टार ट्रेकचं नाव घेतलं आणि तिथून ही गोष्ट पसरली. नंतर त्यांनीच सांगितलं की खरी प्रेरणा डिक ट्रेसी या चित्रकथेतल्या मनगटी रेडिओची होती. घडीच्या फोनांचं रूप कम्युनिकेटरसारखं होतं म्हणा, त्यावर दुमत नाही.

अर्धा_चहा

माझ्या दहा वर्षांच्या गप्पांचा पाया काढून घेतलात. णिषेध.

लंबकर्ण

माझा आयडी बघून कळलंच असेल मी कुणाचा भक्त ते. शेवटच्या दिवसाचं चित्रीकरण आटोपल्यावर टोकदार कानांच्या स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयनं त्या कानांच्या टोकांची एक जोडी घरी नेली आणि स्वतःच्या हातानं बनवलेल्या डबीत बसवून ठेवली. २०२१ मध्ये त्याच्या कुटुंबानं ती डबीसकट याच संग्रहालयाला दिली. वाटसरू, तुमच्या २०१७ च्या भेटीत ती दिसणं शक्यच नव्हतं, तेव्हा पुन्हा जायला कारण मिळालं.

आता मूळ प्रश्न. कानांची टोकं म्हणजे रबराचे दोन तुकडे. कानाला चिकटवायचे, संध्याकाळी सोलून टाकायचे, दुसऱ्या दिवशी नवे. फोटोत बघितले तर अगदी केविलवाणे दिसतात. पण ज्या माणसाला ते रोज सकाळी चिकटवून घ्यायला लागायचे, त्यालाच शेवटी ते टाकवेनात आणि त्यानं डबी केली. मला त्या डबीचंच जास्त वाटतं. त्याला तर ती जादू सगळ्यांत आतून ठाऊक होती ना?

गुळाचा_गणपती

आमच्यासारख्या पामरांचीही बाजू मांडतो. मी चाहता नाही, चाहतीचा नवरा आहे. आम्ही सिएटलच्या पॉप संस्कृती संग्रहालयातलं प्रदर्शन केलं होतं, हेही पन्नाशीच्या निमित्तानं २०१६ ला सुरू झालेलं. कर्कची खरी खुर्ची होती तिथे. संग्रहालयाचा संस्थापक पॉल ॲलननं लिलावात घेतलेली.

बायको खुर्चीसमोर हात जोडून उभी राहील की काय, अशी भीती होती. तसं झालं नाही. ती फक्त म्हणाली, "हाताची बाजू किती झिजलीय." आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. मी तोवर शेजारी एका कक्षात जाऊन कर्कसारखं "खाऽऽऽन!" म्हणून ओरडून आलो. तशी खास सोय केलेली होती, कॅमेऱ्यासकट. मालिकेतलं ओ की ठो कळत नसून माझं ओरडणं उत्तम झालं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आवाज कमावलेला असतो.

मुद्दा एवढाच, की बरोबर नेणाऱ्या माणसाला ओरडायची तरी सोय हवी. वॉशिंग्टनच्या त्या दालनात तसं ओरडलात तर बाहेर काढतील.

टवाळ

काकूंचा आयडी द्या, त्यांची बाजू ऐकायचीय.

गुळाचा_गणपती

तिला हा धागा दाखवणार नाहीये.

कुणीतरी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

खारुताई

कुणीतरी, काय होतं ते? उत्सुकता लागली ना.

कुणीतरी

'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ वेडरबद्दल लिहिलं होतं. मग लक्षात आलं, चुकीच्या घरात शिरलो.

मीठमिरची

वाटसरूंचा प्रश्न बांबू-सुतळीचा आहे, म्हणून हा किस्सा. एका भागात मीठ खाणारा प्राणी दाखवायचा होता, म्हणून भविष्यातल्या वाटतील अशा तऱ्हेवाईक मीठदाण्या आणल्या. त्या इतक्या तऱ्हेवाईक निघाल्या की प्रेक्षकाला मीठदाणी म्हणून ओळखूच येईनात. मग साध्या मीठदाण्या वापरल्या, आणि आणलेल्या वाया कशाला घालवायच्या म्हणून दिल्या डॉक्टर मॅकॉयच्या हातात, रोगी तपासायची उपकरणं म्हणून! पुढे मॅकॉय ज्यांना ज्यांना तपासत होता ते सगळे मीठदाणीनं बरे झालेत.

हे कळल्यापासून माझी मालिका बिघडली नाही, उलट जेवताना मीठदाणी हातात आली की मी समोरच्याच्या छातीपुढे धरून 'हूंऽऽ' असा आवाज काढते. पोरं वैतागलीत.

निळावंती

किरण-वाहकाचंही तेच. दर भागात एवढं मोठं यान ग्रहावर उतरवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसंच विरघळवून खाली पाठवायची टूम काढली. पैसा असता तर ती कल्पना सुचलीच नसती.

खडूस_मामा

किस्से छान. पण एक गंभीर तक्रार, रंगारींना. १९९१ च्या डागडुजीत त्या यानावर कायच्या काय रेघा आणि मळकट छटा चढवल्या होत्या, हे तुम्हाला मान्य आहे का? मी ते दुकानात होतं तेव्हा पाहिलंय. भांडं राखेनं अर्धवट घासून ठेवल्यासारखं दिसत होतं.

टवाळ

एक मिनिट. मामा, तुम्ही 'खेळणं' बघायला दुकानात उतरला होतात?

खडूस_मामा

प्रसाधनगृह त्याच मजल्यावर होतं.

रंगारी

:) मामा, मान्य. त्या रेघांवर चाहते पंचवीस वर्षं धुसफुसत होते. पण १९९१ वाल्यांचं एक ऋण आहे. यानाच्या पुढच्या तबकडीच्या वरच्या पृष्ठभागाला त्यांनी हात लावला नाही. मूळ रंग फक्त तिथे शिल्लक राहिला.

पन्नाशीसाठी काम काढलं तेव्हा क्ष-किरणांनी आतली बांधणी बघितली. २०१५ मध्ये संग्रहालयानं लोकांना आवाहन केलं की १९७६ च्या आधीचे, तुम्ही स्वतः काढलेले यानाचे फोटो असतील तर पाठवा. आणि तबकडीवरच्या मूळ रंगाशी जुळवून बाकीचं यान रंगवलं. आत आता एलईडी आहेत आणि दिवे ठरावीक वेळीच लावतात, कारण पेटते ठेवले तर जुनं सामान तापतं, झिजतं.

आणि वाटसरू, आता तुमच्या सलीवर येतो. एवढा खटाटोप केला, हाताशी उत्तम रंगारी होते, डावी बाजूही झोकात रंगवून टाकणं त्यांना सहज शक्य होतं. नाही रंगवली. ती तशीच ठेवायची, हे त्यांनी ठरवलं. तुम्ही पाहिलेल्या वायरी म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. तिथे कुणीतरी ब्रश खाली ठेवला आहे.

लंबकर्ण

रंगारी, क्या बात!

रच्याकने (बाय द वे), छोट्या भावाचं कळलं ना? चित्रीकरणात एक लहान, हातभर मॉडेलही होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुणीतरी उसनं नेलं ते गायब. २०२३ मध्ये ऑनलाइन लिलावात अचानक उगवलं आणि २०२४ मध्ये मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याच्या मुलाकडे परत आलं. उसनं नेलेली वस्तू पंचेचाळीस वर्षांनी परत मिळते. मी अजून आशेवर आहे, एका मित्राकडे माझी तंबूची पिशवी आहे.

अर्धा_चहा

ज्यांना वायरी बघवत नाहीत त्यांच्यासाठी टिकोंडेरोगा आहे, न्यूयॉर्क राज्यात. तिथे मूळ आराखड्यांवरून मालिकेचे सेट पुन्हा उभारलेत. सुकाणूकक्ष, दवाखाना, बोळ. सेट हात लावू नका म्हणून काचेत ठेवलेले नाहीत. खुर्चीत बसता येतं. सगळं नवं, म्हणजे तसं नक्कलच, पण कुठूनही बघा, पूर्ण आहे. (हे मी नीट तपासून लिहिलंय, दुर्बीण.)

दुर्बीण

बरोबर आहे. तुमचा पाया पुन्हा बांधून द्या रे कुणीतरी.

खारुताई

मग माझी गाडी टिकोंडेरोगाला. मी खुर्चीत बसणार आणि मागे काय आहे ते बघणार नाही.

खडूस_मामा

माझं मत बदललेलं नाही. पण दिवे लावतात तेव्हा एकदा बघायला हरकत नाही. वर लिंडबर्गचं विमान असतं, तेही त्याच फेरीत होऊन जाईल.

टवाळ

धाग्याचं सार्थक झालं.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. रंगारींचा दुसरा प्रतिसाद वाचून जुने फोटो पुन्हा काढले. डावीकडून मी एकच फोटो काढला होता, तोही हललेला. रागारागात काढलेला असणार. त्यात काचेत माझं प्रतिबिंब आलंय आणि वायर नेमकी माझ्या कानापाशी येते. लंबकर्णांना आवडेल.

भाच्याला दोन्ही बाजू बघायला सांगितल्या आहेत, आधी उजवी. बायकोनं विचारलं, "पाण्याची बाटली घेऊन जायला सांगितलंस का?"

दुर्बीण

भाच्याला हेही सांगा: प्रवेश फुकट आहे, पण २०२२ पासून वेळेचा पास आधी ऑनलाइन काढावा लागतो. आणि इमारतीचं नूतनीकरण टप्प्याटप्प्यानं चालू आहे, काही दालनं बंद असतात. यान सध्या कुठे मांडलंय ते निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच जा म्हणावं.

मीठमिरची

एक राहिलंच. तो रंग शेवटी कोणता ठरला? पहिल्या पोस्टमध्ये वाटसरूंनी भांडणाचा विषय काढला आणि त्यावर कुणी भांडलंच नाही.

रंगारी

करडा. सिमेंटसारखा, अगदी किंचित हिरवट झाक असलेला. पडद्यावर कधी निळसर तर कधी पांढरा दिसतो, तो प्रकाशयोजनेचा खेळ.

वाटसरू

करडा? म्हणजे आमच्या कृष्णधवल टीव्हीवर बरोबरच दिसत होता की!